हस्तलिखितातला ‘आपण’

हे गेले त्याचे दिवस उरकले आणि मी शाळेत हजर झाले. शाळा नाशिक रोडला, घर सातपूरला. हे तिथल्याच एका कारखान्यात सुपरवायझर होते. श्रावणात द्वारकेच्या चौकात ट्रकने त्यांच्या स्कूटरला ठोकर दिली. माझी बस रोज त्याच चौकातून जायची. पहिल्या दिवशी कंडक्टरने ‘द्वारका, द्वारका’ म्हणून पुकारलं, तेव्हा शेजारी बसलेल्या ओळखीच्या बाईंनी माझा हात घट्ट धरला. मी त्यांना विचारलं, “उतरायचंय का तुम्हाला?” मला खरंच तसं वाटलं होतं. त्यांनी हात सोडला आणि नाशिक रोड येईपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.

तेव्हा मला काही वाटत नसे. लोकांना वाटायचं, बाई फार धीराच्या आहेत. धीर वगैरे काही नव्हता. दाताला भूल दिल्यावर गाल आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही, तसं चाललं होतं. सासूबाई जेवायला वाढत, मी जेवत असे. संध्याकाळी काय जेवले ते आठवत नसे.

नववीला इतिहास शिकवायचा होता. सत्तरचं दशक सरत आलं होतं, आणीबाणी येऊन गेली होती, पण आमच्या पुस्तकात अठराशे सत्तावनच्या उठावाची कारणं तशीच होती: राजकीय, आर्थिक, सामाजिक. मी राजकीय कारणं सांगायला लागले आणि मधेच थांबले. शब्द येत होते, वाक्याचा शेवट येत नव्हता. पोरं माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघत होती. मी म्हटलं, “पुस्तकं मिटा. धडा काढा.”

“धडा काढा म्हणजे, बाई?”

“म्हणजे चित्र काढा. काय झालं असेल ते काढा.”

आणि मी खुर्चीवर बसून खिडकीबाहेर बघत राहिले. पुढे बऱ्याच वर्षांनी एका शिक्षक-शिबिरात कोणीतरी याला ‘उपक्रम’ म्हणालं आणि मला व्यासपीठावर बोलावून नारळ दिला. उपक्रम कसला? मला बोलायचा कंटाळा आला होता.

पण पोरं काढत सुटली. सगळ्या राजांना एकच मिशी असायची, त्या वर्षीच्या सिनेमातल्या नटाची. इंग्रजाला हॅट आणि टाय, मग तो लढाईत असो की बिछान्यात मरायला टेकलेला असो. मिठाच्या सत्याग्रहाच्या चित्रात समुद्राऐवजी गोदावरी होती, पलीकडे घाट आणि धुणं धुणाऱ्या बायका. समुद्र कोणी बघितला होता? मीठ मात्र एकाने गोण्यांत भरून रचलं होतं, बाजार समितीत कांदा रचतात तसं, आणि गोण्यांवर एक माणूस ऐटीत बसवला होता. मी विचारलं, हा कोण? तर म्हणाला, “व्यापारी, बाई. माल आहे म्हणजे तो असणारच.”

सगळ्यात नवल मला एका मुलाचं वाटलं. त्याचे वडील नोटांच्या प्रेसमध्ये होते. स्वातंत्र्य मध्यरात्री मिळालं, एवढं वाचून त्याने चित्र काढलं, ते प्रेसचा भोंगा झाल्याचं. फाटकातून माणसं बाहेर पडताहेत, प्रत्येकाच्या हातात डबा, आणि वर तिरंगा. रात्री बारा म्हणजे त्याच्या लेखी पाळी सुटायची वेळ. एरवी मी पोट धरून हसले असते. तेव्हा खाली ‘छान’ लिहिलं आणि पुढची वही ओढली.

दिवाळीनंतर मी त्यांना लिहायला लावलं. तुम्ही स्वतः तिथे होता असं समजा आणि लिहा, एवढंच सांगितलं. पहिल्या बाकावरच्या मुली राण्या झाल्या. मागच्या बाकावरचे सगळे फासावर गेले, आणि फासावर गेल्यावर पुढे काय वाटलं तेही त्यांनी लिहिलं.

एका मुलीने मात्र वेगळंच लिहिलं होतं. शाळेच्या मागच्या वसाहतीतली मुलगी, बौद्ध घरातली, वडील प्रेसमध्ये कामगार. वर्गात तोंड उघडत नसे. तिने आधी चित्र काढलं होतं. कागदभर एक बंद दार, लाकडी, जाड, त्यावर खिळ्यांची डोकी एकेक करून गिरवलेली. अगदी खाली, कागदाच्या काठाला, माणसांची डोकी, पाठमोरी. त्यातल्या एकाच्या खांद्यावर एक पोर. पोर तेवढं मागे वळून बघत होतं. चित्राखाली तिने लिहिलं होतं:

‘आम्ही दाराबाहेर उभे होतो. ते आत होते. त्यांनी आतून दार लावलं. आम्ही रथाला हात लावला. त्यांनी दगड मारले. एक दगड माझ्या बापाच्या कपाळाला लागला. मी त्याच्या खांद्यावर होते.’

पंचवटीतल्या देवळात जाऊ द्यावं, देवाचा रथ ओढू द्यावा म्हणून झालेला सत्याग्रह होता तो. आमच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला दोन ओळी होत्या. नाशिकची पोरं आणि नाशिकचा सत्याग्रह, पण त्या दोन ओळी मी दर वर्षी वाचून पुढे जात असे.

“खांद्यावर कोण आहे?” मी विचारलं.

“आजी. लहान होती तेव्हा.”

“आजी आहे अजून?”

“हो. आजी म्हणते, शाळेच्या पुस्तकात आमचं काही नसतंय.” मग तिने एका दमात सांगून टाकलं, “बाई, हे हस्तलिखितात घ्याल का? मला आजीला दाखवायचंय.”

हस्तलिखित म्हणजे आमच्या शाळेचा वर्षाचा अंक. छापायला पैसे कोणाकडे होते? मुलांचं लेखन हेडसर तपासत, मग चांगल्या अक्षराची मुलं ते जाड कागदावर उतरवत, वेलबुट्टीची चौकट काढत, आणि बाइंडर त्याची बांधणी करून देई. एकच प्रत. सव्वीस जानेवारीला पाहुण्यांच्या हस्ते तिचं प्रकाशन व्हायचं आणि मग ती ग्रंथालयाच्या कपाटात जायची. त्या वर्षी हेडसरांनी विषय दिला होता ‘आपला देश, आपला इतिहास’. माझ्या वर्गाकडे चित्रं आणि लेख तयारच होते, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी मुलीला म्हटलं, घेऊ. मला त्यात अवघड काही दिसलं नाही. तिचा चेहरा मात्र असा झाला की मीच नजर वळवली.

हेडसर दहावीला मराठी शिकवत. खादीचा सदरा, खिशाला लाल पेन्सिल. विद्यार्थी असताना ते चळवळीत तुरुंगात जाऊन आले होते, आणि ते कधी कोणाला सांगत नसत. माणूस सरळ होता. फक्त ‘आपण’ या शब्दावर त्यांचा फार जीव होता. माझ्या वर्गावर येऊन त्यांनी मुलांना नियमच घालून दिला. “देशाचा इतिहास लिहिताना ‘आम्ही’ लिहायचं नाही. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटलं की तोही आत येतो. आणि ‘ते’ तर नकोच. इंग्रजांना तेवढं ‘ते’ म्हणा. बाकी सगळे आपण!” बोलताना त्यांचे डोळे भरून आले. मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होते.

मग त्यांची लाल पेन्सिल लेखांवरून फिरली. राण्यांचे आणि फासावर गेलेल्यांचे ‘आम्ही’ पटापट ‘आपण’ झाले. या मुलीच्या पहिल्या ओळीतला ‘आम्ही’ही त्यांनी खोडला, वर ‘आपण’ लिहिलं आणि समासात शेरा मारला, ‘सर्वत्र असेच करणे.’

मुलगी माझ्याकडे आली. “बाई, आपण दाराबाहेर उभे होतो असं लिहिलं, तर मग आत कोण होतं?”

मी म्हटलं, “सरांनी सांगितलंय तसं कर.” मला उत्तर सुचलं नव्हतं असं नाही. मी शोधलंच नव्हतं.

तिने सरांनी सांगितलं तसं केलं. सर्वत्र. दुसऱ्या दिवशी सुवाच्य अक्षरात पान आलं:

‘आपण दाराबाहेर उभे होतो. आपण आत होतो. आपण आतून दार लावलं. आपण रथाला हात लावला. आपण दगड मारले. एक दगड आपल्या बापाच्या कपाळाला लागला. आपण त्याच्या खांद्यावर होतो.’

हेडसरांनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. पान त्यांच्या टेबलावर होतं.

“हे काय लिहिलंस?”

“आपण लिहिलं, सर.”

“दगड मारणारे आपण?”

“ते इंग्रज नव्हते ना, सर.”

हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मुलगी टवाळी करत होती की नियम पाळत होती, हे मला आजही सांगता येणार नाही. तिचा चेहरा बीजगणित सोडवताना असतो तसा होता. हेडसर म्हणाले, चित्र राहू दे, दाराचं चित्र उत्तम आहे, पण मजकूर गाळू. या वर्षीचे पाहुणे पंचवटीतल्या जुन्या घराण्यातले आहेत, शाळेला वर्ग बांधून देणार आहेत, आणि प्रजासत्ताकाच्या दिवशी जुनी भांडणं कशाला. ते हळू आवाजात बोलत होते. त्यांनाही ते बोलताना बरं वाटत नव्हतं, हे दिसत होतं.

मुलीने माझ्याकडे बघितलं.

“राहू द्या, सर,” मी म्हटलं.

“अहो बाई, पण...”

“राहू द्या.”

आवाज चढवला नाही, मुद्दा मांडला नाही. मला ना नोकरीची भीती वाटत होती, ना पाहुण्यांची, ना त्या मुलीचा फार कळवळा आला होता. पान असावं एवढंच मला वाटलं, ताटात मीठ असावं असं वाटतं तसं. हेडसरांनी माझ्या कपाळाकडे बघितलं. त्या वर्षी मला कोणी कशालाच नाही म्हणत नसे. मला नाही म्हणायचं पाप कोणी घ्यायचं? संक्रांत होऊन गेली होती. स्टाफरूममध्ये बायकांनी एकमेकींना हळदीकुंकू लावलं, तेव्हा माझ्या हातावर तिळगूळ ठेवून त्या घाईने पुढे सरकल्या होत्या. त्याच घाईने हेडसरांनी ते पान माझ्या हातात दिलं. “बरं. राहू द्या.”

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. कार्यक्रमाला अजून वेळ होता. हस्तलिखित ऑफिसातल्या टेबलावर ठेवलं होतं, लाल रिबीन बांधायची बाकी होती. मुलगी आजीला घेऊन आली. पांढरंशुभ्र लुगडं, ठसठशीत अंगकाठी, आवाज खणखणीत. मला वाटलं होतं आजी म्हणजे वाकलेली, थकलेली असेल. या बाई तर हेडसरांच्या खुर्चीसमोरची खुर्ची स्वतःच ओढून बसल्या.

त्यांनी आधी चित्र बघितलं. दारावरच्या खिळ्यांवरून बोट फिरवलं. “असंच व्हतं,” म्हणाल्या. मग, “वाच.”

मुलीने वाचून दाखवलं. आजी ऐकत राहिल्या.

“आपण कोण गं?”

“आपण म्हणजे सगळे.”

“दगूड मारणारं बी आपण आन् खाणारं बी आपण?” आजी हसायला लागल्या. “मंग भांडान कुनाचं व्हतं?”

हेडसर तिथेच होते. ते पुढे झाले, हात जोडले. “आजी, तो माझा आग्रह. आपण सगळे एक, एवढंच मला...”

“सर, आपण असतो तर दार कशापायी लावलं असतं?”

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. भाजी महाग का, असं विचारावं तसं विचारलं.

“तेव्हा नव्हतो,” हेडसर म्हणाले. “पण आता आहोत ना आपण?” त्यांनी ते मनापासून विचारलं होतं. त्यांना हो हवं होतं.

आजींनी त्यांच्याकडे नीट बघितलं. “मंग कार्यक्रम झाला की या च्याला. घर मागंच हाय. लय वर्सं झाली तुमाला हितं, कधी आला नाय.”

हेडसरांनी तोंड उघडलं. खिडकीतून पाहुण्यांची मोटार आत येताना दिसली. “आज पाहुणे आहेत, आजी. पुन्हा कधीतरी नक्की.”

“बरं,” आजी म्हणाल्या. मग नातीकडे वळल्या. “आम्ही कर ते.”

हेडसर पाहुण्यांच्या स्वागताला धावले. मुलीने माझ्याकडे पेन मागितलं. मी दिलं. बांधणी झालेल्या अंकात खाडाखोड करायची नसते हे मला माहीत होतं. तिने बाहेर उभ्या राहणाऱ्यांचा प्रत्येक ‘आपण’ खोडून वर ‘आम्ही’ लिहिलं, ‘आपल्या बापाच्या’ खोडून ‘माझ्या बापाच्या’ केलं, शेवटच्या ओळीत परत ‘मी’ आणि ‘होते’ लिहिलं आणि थांबली.

“आजी, दगड मारणारे? त्यांना काय लिहू? ते?”

“त्यायला ऱ्हाऊ दे आपण,” आजी म्हणाल्या. “मोठी मान्सं हायेत. मानानं बोलावं.”

त्या उठल्या आणि मंडपात शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. त्यांचं ते बोलणं ऐकून माझ्या मानेवर काटा आला होता. श्रावणापासून अंगाला एवढं काही झालं नव्हतं. मी मान चोळली.

प्रकाशन झालं. भाषणं झाली. पाहुणे म्हणजे मऊ आवाजाचे, वयस्क गृहस्थ होते, मुलांकडे बघून सारखे हसत होते. हेडसरांनी प्रास्ताविकात त्यांचे आभार मानले, ‘आपण वेळात वेळ काढून आलात, आपण या शाळेवर लोभ ठेवलात’, आणि प्रत्येक ‘आपण’ला पाहुणे मान लववत होते. मग हस्तलिखितातली निवडक पानं वाचायला मुलं एकेक करून माइकवर आली. मिठाच्या गोण्यांवरच्या व्यापाऱ्याला हशा आला. मग ही मुलगी आली. अंक दोन्ही हातांनी धरून, पहिल्या रांगेकडे बघत तिने वाचलं:

“आम्ही दाराबाहेर उभे होतो. आपण आत होतो. आपण आतून दार लावलं.”

पाहुण्यांनी सवयीने मान लववली.

“आम्ही रथाला हात लावला. आपण दगड मारले.”

मान खाली गेली होती, ती लगेच वर आली नाही. मुलीने शेवटच्या ओळी वाचल्या, अंक टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कोणाला कळेना. मग पुढची मुलगी राणी होऊन माइकवर आली आणि तिला जरा जास्तच टाळ्या मिळाल्या.

कार्यक्रम संपला. पाहुणे चहा न घेताच गेले. मंडपवाले खुर्च्या आवरत होते. आजी केव्हाच घरी गेल्या होत्या. कपाटाची किल्ली घ्यायला मी हस्तलिखित घेऊन ऑफिसात गेले, तर हेडसर एकटेच बसले होते. त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, आता पान फाडतात. मी अंक दिला. फाडलं असतं तर मी काय केलं असतं, कोण जाणे.

त्यांनी ते पान काढलं. खाडाखोड बघितली. ओठ हलवत सगळं वाचलं, पुन्हा वाचलं. मग खिशातून लाल पेन्सिल काढली.

“हे ‘आपण’ आदरार्थी आहे,” ते म्हणाले. “मग क्रियापद चुकलं.”

‘आपण आतून दार लावलं’मधल्या ‘लावलं’पुढे त्यांनी ‘त’ जोडला. लावलंत. मग ‘मारले’पुढे. मारलेत. दहावीच्या पेपरात जोडत तसा, ठळक, मुलाला दिसेल असा. त्यांच्यासारख्या मराठीच्या मास्तराला, आपण काय जोडतो आहोत आणि कोणाला उद्देशून, हे कळत नसेल असं मी कधीच मानणार नाही.

मग अंक माझ्याकडे वळवून म्हणाले, “बघा बाई, कुठे राहिलंय का?”

मी बघितलं. एक राहिलं होतं. ‘आपण आत होतो.’ त्या ओळीवर मी बोट ठेवलं. “इथे ‘होतात’ करायचं ना, सर?” पुढचं सगळं मला डोळ्यांतल्या पाण्यातूनच दिसलं.

त्यांनी पेन्सिल ओळीपाशी नेली. तशीच धरून ठेवली. मग परत खिशाला लावली.

“नाही,” ते म्हणाले. “ते बरोबर आहे, बाई. आपण आतच होतो.”